कवटीची पुनर्रचना : इतिहास व उपद्रव

डोक्याला झालेल्या आघातामुळे किंवा आघातानंतर कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेमुळे कवटीच्या हाडात राहिलेली उणीव रुग्णाच्या स्वतःच्या हाडाने अथवा एखाद्या पर्यायी पदार्थाने भरून काढण्याच्या शस्त्रक्रियेस कवटीची पुनर्रचना किंवा कपालसंधान असे म्हणतात. तीत मेंदूच्या ऊतकाला सहसा हात लावावा लागत नाही. त्यामुळे मेंदूविषयक शस्त्रक्रियांत ती तुलनेने सोपी गणली जाते. तथापि तिच्यानंतर उद्भवणाऱ्या उपद्रवांचे प्रमाण अनपेक्षितपणे मोठे आहे. निरनिराळ्या रुग्णालयांच्या अहवालांत ते सु. १० ते ४० टक्के नोंदलेले आढळते. या शस्त्रक्रियेचा इतिहास बव्हंशी या उपद्रवांच्या निवारणाचा इतिहास आहे. प्रत्येक नवा पदार्थ आधीच्या पदार्थाचा दोष टाळण्यासाठी पुढे आला आणि त्याने स्वतःचा निराळा दोष सोबत आणला. पदार्थाइतकेच महत्त्व पहिल्या व दुसऱ्या शस्त्रक्रियेमधील काळाला, तसेच त्या काळात रुग्ण कोठे व कसा राहतो यालाही आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. म्हणून प्रस्तुत नोंदीत सर्वसाधारण इतिहासाबरोबर त्या परिसराचाही विचार केला आहे.

शरीररचना व दाबाचा सिद्धांत : मेंदूभोवतीची कवटी आठ हाडांची बनलेली असून ती प्रौढपणी सांध्यांनी घट्ट जोडलेली असतात. तिच्या घुमटाच्या हाडात बाहेरचा व आतला असे दोन टणक थर आणि त्यांच्यामध्ये सच्छिद्र, रक्तयुक्त असा तिसरा थर असतो. हाडाच्या आत दृढतानिका हे मेंदूचे जाड आवरण आणि बाहेर केसांसह असलेली त्वचा, म्हणजे शिरोवल्क, असते [⟶ मेंदू]. या पेटीचे आकारमान बदलू शकत नाही. तीत मेंदू, रक्त आणि मस्तिष्कमेरुद्रव हे तीनच घटक असतात व एक वाढला, तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. हे तत्त्व एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्‍रो (दुसरे, १७३३–१८१७) यांनी १७८३ मध्ये मांडले आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये त्याला पुष्टी दिली. आघातानंतर मेंदू सुजला किंवा आत रक्त साठले म्हणजे कवटीतील दाब वाढतो, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि अखेर मेंदूचा खालचा भाग दबून श्वसन थांबते. कवटीचे हाड काढून या दाबाला वाट करून देणे हा एक उपाय असून कवटीच्या पुनर्रचनेची गरज बहुतांशी या उपायातूनच निर्माण होते.

प्राचीन काळ : कवटीला छिद्र पाडण्याची क्रिया फार प्राचीन आहे. काश्मीरमधील बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीत अनेक छिद्रे पाडलेली मानवी कवटी मिळाली आहे. राजस्थानातील कालीबंगा येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील एका बालकाच्या कवटीवरही अशी छिद्रे आढळतात. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी ‘कपाल’ हा चपट्या हाडांचा प्रकार होय. हे हाड वाकत नाही, फुटते, असे निरीक्षण त्या ग्रंथात आहे. बौद्ध विनय ग्रंथांत जीवक या वैद्याने राजगृह येथील एका व्यापाऱ्याची कवटी उघडून आतील कृमी काढल्याची कथा आहे. सोळाव्या शतकातील भोजप्रबंध या ग्रंथात भोजराजावरील अशाच शस्त्रक्रियेची आख्यायिका येते. या कथांना इतिहासाचा पुरावा म्हणता येत नाही. परंतु कवटी उघडता येते ही कल्पना भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती, एवढे त्यांवरून दिसते.

उघडलेली जागा झाकण्याचे प्रयत्न मात्र तुरळक आढळतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू येथील काही प्राचीन कवट्यांवर धातूचे पत्रे आढळले आहेत. यूरोपात सोळाव्या शतकात इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्यो (१५२३–६२) यांच्या काळी सोन्याचा पत्रा बसविण्याविषयी चर्चा झाली. १६६८ मध्ये डच शस्त्रक्रियाविशारद योब व्हान मीकरेन यांनी एका रशियन उमरावाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या कवटीतील खाच कुत्र्याच्या हाडाने भरण्यात आली होती. प्राण्याचे हाड शरीरात असल्याबद्दल चर्चने त्याला बहिष्कृत केले. ते काढून टाकावे म्हणून तो परत गेला, तेव्हा जखम इतकी पक्की भरून आली होती की, हाड काढता आले नाही, असे त्या हकीकतीत म्हटले आहे. कवटीच्या पुनर्रचनेची जी पहिली लेखी नोंद मानली जाते, तीत शरीराने रोपण स्वीकारले, पण समाजाने नाकारले, ही बाब लक्षणीय आहे.

स्वतःच्या हाडाचे रोपण : जर्मन शस्त्रक्रियाविशारद फिलिप फोन व्हाल्टर यांनी १८२१ मध्ये रुग्णाचे स्वतःचे हाड त्याच्या कवटीत परत बसविले. फ्रान्समधील लुई ऑल्ये (१८३०–१९००) यांनी १८५९ च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांनी हाडावरील पर्यास्थिकला या पटलात नवे हाड निर्माण करण्याची शक्ती असते, असे दाखविले. तरीही पू होण्याच्या भीतीमुळे शस्त्रक्रियाविशारद हा मार्ग टाळीत असत. जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांच्या पूतिरोधक पद्धतीनंतर हे चित्र पालटले. ग्लासगो येथील विल्यम मॅक्यूएन (१८४८–१९२४) यांनी १८८५ मध्ये हाडाचे तुकडे कवटीत यशस्वी रीत्या परत बसविल्याची नोंद केली. जर्मनीत म्यूलर व कनिग यांनी १८९० मध्ये शेजारच्या हाडाचा केवळ बाहेरचा थर त्वचेसह सरकवून उणीव झाकण्याची पद्धत सांगितली. पुढे नडगीचे, बरगडीचे व कमरेचे हाड वापरले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळ्या व तुकडे लागलेले सैनिक मोठ्या संख्येने वाचले आणि ही शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ झाली.

म्यूलर–कनिग पद्धतीमागील तत्त्व, म्हणजे आवरणाचा रक्तपुरवठा न तोडता ते जागेवरून सरकविणे, महाराष्ट्रास आधीपासून ठाऊक होते. पुण्याजवळ कावसजी या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेचा पदर वळवून नव्याने घडविण्यात आले. ती हकीकत लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि यूरोपीय शस्त्रक्रियाविशारदांचे लक्ष या भारतीय पद्धतीकडे वेधले गेले. कवटीच्या पुनर्रचनेतही हाडाइतकाच त्यावरील सजीव, रक्तपुरवठा असलेल्या त्वचेचा प्रश्न महत्त्वाचा असतो. त्वचा टिकली नाही, तर खालचा कोणताही पदार्थ टिकत नाही.

पर्यायी पदार्थ : स्वतःचे हाड मिळण्यास मर्यादा असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इतर पदार्थांचा शोध सुरू झाला. सेल्युलॉइडाने भोवतालच्या ऊतकात द्रव साठू लागला. ॲल्युमिनियमाने दाह होऊन अपस्माराचे झटके येऊ लागले. सोने मऊ व महाग ठरले. दुसऱ्या महायुद्धात टँटॅलम या धातूचा फार वापर झाला. तो शरीरात निष्क्रिय राहतो, परंतु उष्णता झटकन वाहून नेत असल्यामुळे उन्हात व थंडीत रुग्णास डोकेदुखी होई. शिवाय तो क्ष-किरण अडवीत असल्याने आतील भागाचे चित्र घेता येत नसे.

१९४० पासून पॉलिमिथिल मेथाॲक्रिलेट हे ॲक्रिलिक प्लॅस्टिक वापरात आले. दातांच्या कवळीसाठी हे परिचित होते. चूर्ण व द्रव मिसळून होणारा त्याचा लगदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कवटीच्या आकारात घडविता येतो. तो स्वस्त, हलका व टणक असल्याने भारतात त्याचा प्रसार मोठा झाला. कडक होताना तो अतिशय तापतो. म्हणून त्यावर थंड लवणद्रावाची सतत धार धरावी लागते. तो हाडाशी एकजीव होत नाही, आघाताने तडकू शकतो आणि त्यावर जंतू एकदा बसले की, केवळ औषधांनी जात नाहीत. १९६५ पासून टिटॅनियमाचे पत्रे व जाळ्या वापरात आल्या. त्यांत जंतुसंसर्गाचे भय कमी असले, तरी वरची त्वचा पातळ झाल्यास धातू उघडा पडतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस हायड्रॉक्सिअपेटाइट हा हाडातील खनिजासारखा पदार्थ आला. तो हाडाशी जुळतो, परंतु ठिसूळ असतो. त्यानंतर संगणकीय छेदचित्रावरून (सीटी स्कॅन) प्रत्येक रुग्णाच्या मापाचे रोपण आधीच तयार करण्याची पद्धत आली. त्यासाठी पीईईके हे बहुवारिकही वापरले जाते. अशा रोपणांनी आकार उत्तम साधतो. मात्र त्यांचा खर्च अधिक असतो.

रोपणे व शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक करण्याच्या तंत्रातही मुंबईचा वाटा आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७४ मध्ये आयसोमेड हा वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचा प्रकल्प सुरू केला. पुढे टाटा स्मारक रुग्णालयाच्या ऊतकपेढीत किरणनाने निर्जंतुक केलेले हाड रोपणासाठी तयार करण्यात येऊ लागले.

दाबमोचक कवटीछेदन : विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधील टेओडोर कोखर (१८४१–१९१७) व अमेरिकेतील हार्वी कुशिंग (१८६९–१९३९) यांनी मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी कवटीचा भाग मुद्दाम काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया पुरस्कारिली. आघाताच्या रुग्णांत तिचे फळ बराच काळ निराशाजनक होते. ग्लासगो येथील ग्रॅहम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये बेशुद्धीची खोली मोजण्याचे प्रमाण दिले. त्याच दशकात संगणकीय छेदचित्रण आले. या दोहोंमुळे कोणत्या रुग्णावर व केव्हा शस्त्रक्रिया करावी, हे अधिक निश्चितपणे ठरविता येऊ लागले. आता प्रौढ रुग्णात आघातानंतर काढावयाचा हाडाचा तुकडा साधारणतः १२ × १५ सेंमी. पेक्षा लहान नसावा, असे मानतात. म्हणजे तळहाताहून मोठी जागा उघडी राहते.

या उपायाचे मूल्यमापन एकविसाव्या शतकात झाले. ‘डेक्रा’ या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५५ रुग्ण होते. लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने कवटीतील दाब घटला, परंतु रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही, असे त्यात आढळले. ‘रेस्क्यू-आयसीपी’ या २०१६ मधील अभ्यासात ४०८ रुग्ण होते. इतर उपाय थकल्यावर ही शस्त्रक्रिया केलेल्या गटात सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण २६·९ टक्के, तर केवळ औषधोपचार केलेल्या गटात ४८·९ टक्के होते. वाचलेल्यांपैकी अनेकांना मात्र गंभीर अपंगत्व राहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात दृढतानिकेखाली तीव्र रक्तगुल्म झालेल्या ४५० रुग्णांची तुलना करण्यात आली. हाड लगेच परत बसविणे व ते काढून ठेवणे या दोन्हींत वर्षअखेरची स्थिती सारखीच होती. हाड काढून ठेवलेल्यांत जखमेचे उपद्रव अधिक होते, तर हाड बसविलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ अधिक आली. सुरक्षितपणे बसविता येत असेल, तर हाड पहिल्याच वेळी जागेवर ठेवावे, असा यावरून निष्कर्ष निघतो. आजही पुनर्रचनेचा सर्वांत खात्रीचा उपद्रवप्रतिबंधक उपाय ती करण्याची वेळच न येऊ देणे हा होय.

महाराष्ट्रातील प्रारंभ : भारतात स्वतंत्र तंत्रिका शस्त्रक्रियेचा आरंभ वेल्लोर येथे जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये केला. लगोलग मद्रास येथे बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये आणि मुंबईत राम गिंडे यांनी १९५१ च्या सुमारास काम सुरू केले. १९५१ मध्ये भारतीय तंत्रिकाविज्ञान संस्था स्थापन झाली. मुंबईच्या राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात होमी दस्तूर यांनी या विषयाचा विभाग उभारला. या सर्व सोयी मुंबईत केंद्रित झाल्या. जे. जे. (१८४५), के. ई. एम. (१९२६) व शीव येथील लोकमान्य टिळक (१९४७) ही रुग्णालये शहरासाठी होती. परंतु कल्याणच्या पलीकडील ठाणे जिल्ह्यालाही मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दीर्घकाळ त्यांचाच आधार होता.

शहापूर व मुरबाड परिसर : हे तालुके कोकण व देश यांच्या सीमेवर आहेत. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा सातवाहनकालीन नाणेघाट मुरबाड तालुक्यातून चढतो. थळ (कसारा) घाटाचा मार्ग शहापूर तालुक्यातून जातो. लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत व १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीपर्यंत गेला. मुंबई–आग्रा महामार्ग वासिंद, शहापूर व खर्डी यांच्या जवळून, तर कल्याण–अहिल्यानगर रस्ता मुरबाडवरून माळशेज घाटाने जातो. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला; तोही शहापूर तालुक्यातून जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले. त्यांत शहापूर क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या सु. ३·१४ लाख व मुरबाडची सु. १·९ लाख होती. तीत कुणबी व आगरी यांच्याबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या आदिवासी जमातींचा वाटा मोठा आहे.

डोक्याच्या दुखापतींची कारणे या भूगोलातच आहेत. भारतात मेंदूवरील आघातांपैकी सु. ६० टक्के रस्त्यावरील अपघातांनी होतात व पडण्याने होणारे आघात त्याखालोखाल येतात. वेगवान महामार्ग व घाटातील वळणे एकीकडे, तर झाडावरून, घराच्या आढ्यावरून किंवा बांधकामावरून पडणे दुसरीकडे, अशी दोन्ही प्रकारची कारणे येथे एकत्र येतात. दुचाकीवर शिरस्त्राण वापरणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार बंधनकारक आहे. परंतु गावातल्या गावात किंवा शेजारच्या पाड्यावर जाताना ते क्वचितच वापरले जाते.

शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव थांबविणे व रुग्णास स्थिर करून पुढे पाठविणे हे काम तेथे होते. मेंदूची शस्त्रक्रिया या दर्जाच्या रुग्णालयांच्या रचनेत अंतर्भूत नसते. त्यासाठी रुग्णास ठाणे, कळवा किंवा मुंबई येथे न्यावे लागते. शहापूरनजीकचे आसनगाव स्थानक मुंबईपासून लोहमार्गाने सु. ८५ किमी. वर, कसारा सु. १२० किमी. वर आहे. मुरबाड गाव लोहमार्गावर नसून ते कल्याणपासून रस्त्याने सु. ३० किमी. आहे. पाड्यापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे अंतर याखेरीज धरावे लागते. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात सुरू झाल्यावर या प्रवासास निश्चित स्वरूप आले.

काळाचे महत्त्व अमेरिकेतील १९८१ च्या एका प्रसिद्ध अहवालाने अधोरेखित केले. दृढतानिकेखालील तीव्र रक्तगुल्माच्या ८२ रुग्णांपैकी ज्यांच्यावर चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली त्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्के, तर उशीर झालेल्यांत ९० टक्के होते. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका तीव्र आढळला नाही. परंतु दिशा तीच राहिली. उशिरा पोहोचलेल्या रुग्णाचा मेंदू अधिक सुजलेला असतो, हाड जागेवर बसविता येत नाही आणि त्यामुळे कवटी उघडी ठेवण्याचा प्रसंग अधिक येतो. अशा रीतीने अपघातस्थळापासूनचे अंतर पुढील पुनर्रचनेची गरजही ठरविते.

हाडाचे जतन : काढलेले हाड पुढे वापरावयाचे असेल, तर ते जपावे लागते. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला, उणे ७० ते उणे ८० से. तापमानाच्या शीतपेटीत ते ठेवणे. त्यासाठी अखंड वीज, काटेकोर नोंद व रुग्णाने त्याच रुग्णालयात परत येणे आवश्यक असते. दुसरा, रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखालील चरबीत ते ठेवणे. ही पद्धत १९२० मध्ये अमेरिकेत वर्णिली गेली. भारतातील अनेक रुग्णालयांत ती प्रचलित आहे. तीत पोटावर आणखी एक छेद घ्यावा लागतो, तेथेही जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि फार काळ ठेवल्यास हाडाच्या कडा झिजतात. तरीही दूरच्या खेड्यातील रुग्णाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा की, हाड रुग्णाबरोबर राहते. तो दुसऱ्या रुग्णालयात गेला किंवा सांगितलेल्या तारखेनंतर काही आठवड्यांनी आला, तरी त्याचे हाड हरवत नाही. उत्कृष्ट साधन व योग्य साधन यांतील भेद येथे दिसून येतो.

हाडाविना राहण्याचा काळ : पहिल्या व दुसऱ्या शस्त्रक्रियेत पूर्वी किमान तीन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवीत, आता सूज उतरली व जंतुसंसर्ग नसला, तर तीन महिन्यांच्या आतही पुनर्रचना करतात. या काळात हाड नसलेल्या जागी त्वचा प्रथम फुगते व नंतर खोल जाते. डोकेदुखी, चक्कर, थकवा, चिडचिड, खिन्नता आणि कधी विरुद्ध बाजूच्या हातापायांचा अशक्तपणा अशी लक्षणे दिसतात. या लक्षणसमूहाचे वर्णन १९३९ मध्ये ग्रँट व नॉरक्रॉस यांनी केले. खोल गेलेल्या त्वचेशी त्याचा संबंध १९७७ मध्ये जपानमधील यामाउरा व माकिनो यांनी स्पष्ट केला. पुनर्रचनेनंतर यांपैकी पुष्कळ लक्षणे कमी होतात, कित्येकांचे बोलणे व चालणेही सुधारते. म्हणून ही शस्त्रक्रिया केवळ चेहरा-मोहरा नीट करण्यासाठी आहे, ही समजूत बरोबर नाही. ती न केलेल्या रुग्णास किरकोळ पडण्यानेही मेंदूला इजा होऊ शकते.

ग्रामीण जीवनात हा धोका रोजच्या कामात असतो. लाकडाची मोळी, गवताचा भारा किंवा पाण्याचे हंडे डोक्यावरून वाहून नेणे हे येथील स्त्रियांचे नित्याचे काम आहे. तानसा, मोडकसागर व भातसा या जलाशयांद्वारे मुंबईला पाणी पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. अशा घरातील स्त्रीला ‘डोक्यावर भार घेऊ नये’ हा सल्ला पाळणे कठीण असते. कातकरी व इतर मजूर कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. पुनर्तपासणीची तारीख नेमकी या काळात आल्यास ती चुकते. यात निष्काळजीपणापेक्षा उदरनिर्वाहाची अपरिहार्यता अधिक असते.

उपद्रव : पुनर्रचनेनंतरचे उपद्रव तात्कालिक व उशिरा होणारे असे दोन गटांत मांडतात. तात्कालिक उपद्रवांत बसविलेल्या हाडाखाली रक्त किंवा द्रव साठणे, मस्तिष्कमेरुद्रवाची गळती, झटके येणे आणि जखमेच्या कडा काळ्या पडणे यांचा समावेश होतो. पहिल्या शस्त्रक्रियेच्या छेदाने शिरोवल्काचा रक्तपुरवठा अगोदरच घटलेला असतो. त्याच छेदातून पुन्हा उघडताना ही अडचण वाढते. फार खोल गेलेल्या त्वचेखालील मेंदू पुनर्रचनेनंतर एकाएकी सुजून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ती विरळ असली, तरी या ‘सोप्या’ शस्त्रक्रियेनंतर पहिले काही तास रुग्णावर कडक लक्ष का ठेवावयाचे, हे त्यांवरून समजते.

जंतुसंसर्ग हा सर्वांत त्रासदायक उपद्रव होय. तो काही दिवसांत, काही महिन्यांत किंवा वर्षांनंतरही प्रकट होऊ शकतो. जखमेतून पाण्यासारखा वा पिवळसर स्राव येणे, लाली, ताप व वाढती डोकेदुखी ही त्याची लक्षणे आहेत. बहुधा रोपण काढून टाकावे लागते, काही आठवडे प्रतिजैव औषधे द्यावी लागतात आणि अनेक महिन्यांनंतर पुन्हा पुनर्रचना करावी लागते. म्हणजे दोन शस्त्रक्रियांच्या चार होतात, रुग्ण पुन्हा हाडाविना राहतो व स्वतःचे हाड एकदा दूषित झाल्यावर सहसा परत वापरता येत नाही.

उशिरा होणाऱ्या उपद्रवांत स्वतःच्या हाडाचे शोषण प्रमुख आहे. परत बसविलेले हाड आधी निर्जीव सांगाड्यासारखे असते. कडांकडून नव्या रक्तवाहिन्या व अस्थिकोशिका आत शिरल्या, तरच ते पुन्हा सजीव होते. तसे न झाल्यास ते विरघळत जाते, ढिले होते व पुन्हा उणीव निर्माण होते. लहान मुलांत हे प्रमाण अधिक असते. हाडाचे दोनतीन तुकडे झालेले असणे व कडांमध्ये फट राहणे यांमुळेही शोषण वाढते. याखेरीज जलशीर्ष, म्हणजे मस्तिष्कमेरुद्रवाचा निचरा बिघडून तो मेंदूतील पोकळ्यांत साठणे, कानशिलाजवळ खड्डा पडणे, ॲक्रिलिक तडकणे व धातूची जाळी त्वचेतून बाहेर दिसू लागणे हे उपद्रव होतात. अपस्मार मूळ आघातामुळे किंवा पुनर्रचनेनंतरही होऊ शकतो. औषधांनी आघातानंतरच्या पहिल्या आठवड्यातील झटके कमी होतात, परंतु पुढील अपस्माराला आळा बसत नाही, असे १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अपस्मार जडल्यास मात्र औषधे नियमित घ्यावी लागतात. ती पैशाअभावी किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून अचानक बंद करणे धोक्याचे असते.

प्रतिबंध व सामाजिक अंग : उपद्रव टाळण्याचे बरेचसे उपाय साधे आहेत. केस व त्वचा यांची स्वच्छता, शस्त्रक्रियेपूर्वी शरीरात इतरत्र असलेल्या जंतुसंसर्गाचा उपचार, पोषण सुधारणे व रक्तक्षय दूर करणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे यांनी जखम भरण्यास मदत होते. हाड नसलेल्या बाजूवर झोपू नये, बाहेर पडताना शिरस्त्राण वापरावे, झाडावर चढणे, पोहणे व एकट्याने वाहन चालविणे टाळावे. जखमेतून कोणताही स्राव आल्यास झाडपाल्याचा लेप किंवा राख न लावता लगेच रुग्णालय गाठावे.

खर्चाच्या बाबतीत राज्य शासनाची आरोग्य विमा योजना महत्त्वाची ठरली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत व २०१३ च्या अखेरीस राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले. मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्या कक्षेत येतात. प्रवास, सोबतच्या नातेवाइकाचा मुक्काम व बुडालेली मजुरी यांचा भार मात्र कुटुंबावरच राहतो. पुनर्तपासणी चुकण्याचे ते एक प्रमुख कारण असते.

साडेतीनशे वर्षांच्या या इतिहासात कुत्र्याच्या हाडापासून संगणकाने घडविलेल्या रोपणापर्यंत मजल गेली. तथापि सर्व दोषांपासून मुक्त असा पदार्थ अद्याप सापडलेला नाही. रुग्णाचे स्वतःचे हाड, निरोगी त्वचा, जंतुरहित शस्त्रक्रिया आणि वेळेवर झालेली तपासणी यांवरच आजही यश अवलंबून आहे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी मोठ्या रुग्णालयात पाहिल्या जातात. चौथी मात्र खेड्यातील आरोग्यव्यवस्थेवर सोपवावी लागते. शहापूर व मुरबाड येथील रुग्णालये तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रे जखमेची पाहणी, टाके काढणे, अपस्माराची औषधे पुरविणे व धोक्याची लक्षणे ओळखणे हे काम मुंबई–ठाण्याच्या शस्त्रक्रियाविशारदांशी संपर्क ठेवून करू शकतात. तसे झाल्यास रुग्णाला प्रत्येक तपासणीसाठी शंभर किलोमीटरचा प्रवास करावा लागणार नाही आणि टाळता येण्याजोगे अनेक उपद्रव आरंभीच लक्षात येतील.